कपाळावर नाव नसलेली गाडी

मित्रांनो, तुम्ही मला रस्त्यावर नक्की पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल. ओळखू न येणं हीच माझी नोकरी आहे. मी एक जुनी राखाडी गाडी आहे, जळगावच्या वाहतूक पोलिसांची. माझ्या अंगावर निळा पट्टा नाही, टपावर दिवा नाही, पोटात सायरन नाही. पुढच्या काचेआड एक कॅमेरा तेवढा बसवला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा वेग तो मोजतो आणि गुपचूप फोटो काढतो.

मी काही जन्मापासून अशी लपूनछपून राहणारी नव्हते बरं का! जळगावात डाळमिलवाले अभयकुमार शेठ यांनी मला कोरी करकरीत घरी आणलं. त्यांच्या आई भंवरीबाई यांनी माझ्या नाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मी घरातल्या माणसांना दुकानात, लग्नात, देवाला नेत असे. काय ते लाड! आठवलं की आजही जीव हळवा होतो. मग एके दिवशी शेठजींचा पुतण्या संयम याला नरडाण्याजवळ एका भरधाव टेम्पोनं उडवलं. पोरगा वाचला, पण वर्षभर अंथरुणाला खिळून होता. शेठजींनी तेव्हाच ठरवलं आणि मला पोलिसांना देऊन टाकलं. म्हणाले, "दुसऱ्या कोणाच्या घरावर ही वेळ नको यायला."

आता आमच्याकडे पाणपोईच्या माठावरसुद्धा देणाऱ्याचं नाव असतं. शेठजींनीही माझ्या दोन्ही दारांवर ठसठशीत अक्षरांत आपलं नाव रंगवून घेतलं होतं. वाहतूक शाखेच्या साहेबांनी ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ज्या गाडीनं लपून राहायचं, तिच्यावर वीतभर अक्षरं! दुसऱ्याच दिवशी ती खरवडून काढली. मला फार वाईट वाटलं, पण माझं कोण ऐकतं?

तेव्हापासून मी चोपडा रस्त्यावर, तापीच्या पुलाच्या पलीकडे, निंबाच्या झाडाखाली उभी असते. चालक शालिग्रामनाना आणि कॅमेऱ्याजवळ बसणारे अभिमनभाऊ, दोघेही साध्या कपड्यांत. आजूबाजूला सगळ्या केळीच्या बागा. झाडाखाली अशी गाडी उभी दिसली की शेतकऱ्यांना वाटतं, केळीचा व्यापारी आला. मग खिडकीशी वाकून विचारतात, "शेठ, मालना काय भाव शे आज?" शालिग्रामनाना गमतीनं भाव उतरल्याचं सांगायचे, "भाव पडेल शे बाप्पा, उद्या ये." अभिमनभाऊ पोट धरून हसायचे.

पहिली दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. त्या वळणावर दर महिन्याला एखादा जीव जायचा, ते थांबलं. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्या टपावर थाप मारली. खोटं कशाला सांगू, मी फुलून गेले होते.

पण माणसं काही कमी नसतात. समोरून येणारे ट्रकवाले मला ओळखायला लागले. मला ओलांडून पुढे गेले की समोरच्या गाड्यांना दोनदा दिवा मारायचे आणि खिडकीतून हात गरगर फिरवायचे. त्याचा अर्थ इकडे सगळ्यांना ठाऊक आहे: पुढे ते उभे आहेत, जपून ये. दिवा दिसला की कोणी वेग कमी करायचा, तर कोणी माझ्या अलीकडून केळीच्या बागांत शिरणाऱ्या कच्च्या रस्त्याला लागायचा. तो रस्ता वळसा घालून पुलाजवळ परत डांबरीला येतो. ज्याच्याकडे लायसन नाही, ज्याच्या गाडीवर तिघं बसलेत, ते सगळे त्या वाटेनं जायचे. अभिमनभाऊ म्हणायचे, "जाऊ द्या, चिखलात रुतून येईल अक्कल."

आणि मग तो मंगळवार आला.

सकाळचे साडेदहा झाले असतील. दूरवरून एक जुनी मोटरसायकल येताना दिसली. पुढे एक माणूस, मागे एक बाई आणि दोघांच्या मध्ये दाबून बसवलेली आठ-नऊ वर्षांची पोर. पोरीचा एक पाय साडीच्या चिंधीनं बांधलेला होता आणि लुळा लोंबत होता. माझ्या कॅमेऱ्याला वेग कळतो, नंबर कळतो. बांधलेला पाय त्याला कळत नाही. मला मात्र दिसला. तेवढ्यात एका ट्रकनं त्यांना दोनदा दिवा मारला आणि आतून हात गरगर फिरला. मोटरसायकल कचकन थांबली. माझ्यापासून दीडशे पावलांवर! त्या माणसानं पुढे पाहिलं, मागे पाहिलं आणि गाडी बागेत घातली.

"पाहा नाना, गेला पळून," अभिमनभाऊ म्हणाले.

अरे, थांबवा रे त्याला! माझ्या आत मऊ बाक आहे, औषधांची पेटी आहे, टाकी भरलेली आहे. पण मी कशी ओरडणार? माझी किल्ली फिरवल्याशिवाय मी जागची हलू शकत नाही. मी नुसती पाहत राहिले. आदल्या दिवशी बागांना पाणी सोडलेलं होतं, त्या वाटेवर गुडघाभर गाळ असणार, हेही मला माहीत होतं.

पाऊण तास गेला. मग बागेतून एक ट्रॅक्टर आला आणि त्यावरून उतरून एक म्हातारा शेतकरी धोतर सावरत धावत आला. त्याचं नाव निंबा. मागे त्याच्या ट्रॅक्टरवर ती तिघं; मोटरसायकल चिखलात रुतून बसली होती. निंबाआबा माझ्या खिडकीवर दोन्ही हात आपटून म्हणाले, "शेठ, गाडी द्या हो! पोरले घोणस चावनी!"

बिचाऱ्यानं मला व्यापाऱ्याची गाडी समजूनच हाक मारली होती. पोलिसांची म्हणून ओळखलं असतं, तर ती माणसं माझ्याजवळ आली असती का, सांगा बरं?

नानांनी लगेच मागचं दार उघडलं. पोरीचं नाव रोशनी, आईचं रेशमा, बापाचं सुपडू. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, पावसाच्या भरवशावरची दोन बिघे जमीन. रानात शेंगा तोडताना पोरीला साप चावला होता. गावाजवळच्या दवाखान्यानं जळगावला न्यायला सांगितलं आणि रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती. रेशमाताई हे सगळं रडत रडत सांगत होत्या. तेवढ्यात माझ्यातला वायरलेस खरखरला आणि त्यातून साहेबांचा आवाज आला. सुपडूनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. आपण पोलिसांच्याच गाडीत बसलोय, हे त्याला तेव्हा कळलं.

मी जीव खाऊन पळाले हो! पण पुलावर चढलो आणि पुढे उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्या मागे ट्रकांची रांग. सायरन असता तर सगळे बाजूला झाले असते. माझ्याजवळ काय होतं? एक साधा हॉर्न. अभिमनभाऊ खिडकीतून अर्धे बाहेर निघून ओरडत होते, "पोलीस आहे! बाजू द्या!" त्यांच्या अंगात चौकड्यांचा शर्ट. एक ट्रकवाला हसून म्हणाला, "हो का? मग मी कलेक्टर!" आणि जागचा हलला नाही. ज्या गाडीवर नाव नाही, तिला वाट कोण देणार? त्या पुलावर आमची वीस मिनिटं गेली. रोशनी आईच्या मांडीवर डोळे मिटत होती आणि रेशमाताई तिच्या गालावर चापट्या मारत म्हणत होत्या, "झोपू नको माय, झोपू नको."

सिव्हिलच्या दारात पोरीला स्ट्रेचरवर घातलं. डॉक्टर आत जाता जाता म्हणाले, "तासभर आधी यायला काय झालं होतं?" अभिमनभाऊ बाहेर येऊन माझ्या चाकाशी बसले.

सुपडू त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. चिखलानं कमरेपर्यंत माखलेला. त्यानं हात जोडले आणि मुठीतली मोटरसायकलची किल्ली पुढे केली. "साहेब, चुकनं मनं. तिघं बसेल व्हतूत. गाडी लई ल्या, पन माले पोरजोडे बसू द्या." पोरीजवळ बसायला मिळावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

अभिमनभाऊंनी ती किल्ली घेतली नाही. त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले.

रोशनी वाचली, मित्रांनो. पण विष पायात फार वेळ राहिलं होतं. तिचं डावं पाऊल काढावं लागलं.

दीड महिन्यानं तिला घरी सोडलं. शालिग्रामनानांनी साहेबांची परवानगी घेतली आणि आम्हीच तिला पोहोचवायला निघालो. मांडीवर बिस्किटाचा पुडा घेऊन ती खिडकीशी बसली होती. पूल ओलांडल्यावर तिनं विचारलं, "नाना, त्या दिवशी तुम्ही कुठे होते?"

नानांनी गाडी हळू केली. बोट दाखवून म्हणाले, "इथेच होतो, बेटा."

तिनं झाडाकडे पाहिलं. मग पुढच्या रस्त्यावर बागेची ती वाट शोधली. म्हणाली, "इतक्या जवळ?"

नानांनी गिअर टाकला आणि मला पुढे काढलं.

मित्रांनो, मी अजून तिथेच उभी असते. मला सायरन द्या, असा अर्ज नानांनी दोनदा केला, अजून उत्तर नाही. त्या वळणावर माझ्या भीतीनं काही जीव वाचतात, म्हणून मला तिथून हलवतही नाहीत. मला घाबरून वेग कमी करा, त्याला माझी ना नाही. पण घरात कोणाच्या जिवावर बेतलं असेल, तर गाडीवर तीन बसलेत की चार, लायसन आहे की नाही, याचा विचार करत कच्च्या वाटेला लागू नका. सरळ माझ्यासमोर आडवे येऊन उभे राहा. मला आपणहून जागचं हलता येत नाही, मग तुमच्यापर्यंत येणं तर दूरच.