प्रकरणाआधी ऐकवायचं वाक्य

“उद्या शिंकलो, तर शिंक माणसाची आहे हेही आधी जाहीर करावं लागेल,” नवरा तिच्या कानाशीच कुरकुरला. दोघं एकाच पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून बसली होती.

नवा नियम आला होता. बोलक्या पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणाआधी आवाज माणसाचा की यंत्राचा ते ऐकवायचं, आणि यंत्राचा असेल तर मूळ आवाजाच्या धन्याला तसं कळवायचं. जुनी पुस्तकंही सुटली नव्हती. नाहीतर विक्री बंद. त्यांच्या घरगुती प्रकाशनाचं कंबरडं मोडायला एवढं पुरे होतं.

तिचा जीव मात्र कळवण्यात अडकला होता. घशाच्या ऑपरेशननंतर अण्णांची, तिच्या सासऱ्यांची, नुसती कुजबुज उरली होती. तरी रोज इस्त्रीचा शर्ट घालून ते काचेपलीकडच्या खोलीत माईकसमोर वाचायला बसत. इकडून ही दोघं अंगठा दाखवत. मग ते दुपारी आडवे झाले की नवरा तेच पान यंत्राकडून त्यांच्या जुन्या आवाजात वाचून घेई. ऐकणाऱ्यांना पत्ता लागला नव्हता. अण्णांनी कधी विचारलं नव्हतं.

“कळवायचं कोणी?” तिने विचारलं.

“तुझं ऐकतात ते.”

“वा. आवाज तू काढायचास, बातमी मी द्यायची.”

तो हसला नाही. त्याने सूचना टाइप केली, सगळ्या प्रकरणांना जोडली आणि बटण दाबलं. सूचनेचा आवाज बदलायचा तेवढा राहून गेला.

“हा आवाज माणसाचा नाही.”

भरदार, मायाळू, ऐन उमेदीतले अण्णा खोलीभर बोलले. मधलं दार उघडंच होतं. एक प्रकरण झालं की दुसरं. तेच वाक्य, तोच ठेहराव. नवऱ्याला थांबवायचं बटण सापडेना.

काचेपलीकडे माईकसमोर बसलेल्या अण्णांचे ओठ हलू लागले. नेमके त्याच शब्दांवर उघडत, वाक्य संपलं की मिटत.

ती पाण्याचा पेला घेऊन आत गेली. अण्णांनी तो घेतला नाही. उंबऱ्यात कोणी उभं असावं तसे ते स्पीकरकडे बघत होते.

“अण्णा, ते जरा यंत्राचं...”

त्यांनी हाताने थांबवलं. तिला कान अगदी त्यांच्या ओठांशी न्यावा लागला.

“मला कळवलं म्हणून लिही. माझा आवाज गेलाय, पोरी.”