उत्तर टोकाचं गवत

वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. राजापेठेत देवीदास माळ्याचा फुलांचा मळा होता आणि त्यात तणाची काडी दाखवा, असं लोक पैजेवर म्हणत. त्याचा हातच निंदणात बसलेला. म्हणून झाडाझुडपांचा विषय शिकवणारे कॉलेजातले वामनराव मास्तर मुंबई सरकारच्या कामावर निघाले, तेव्हा त्यांनी मदतीला यालाच नेलं.

काम कोकणच्या समुद्रातल्या एका राखीव बेटावर होतं. तिथं कुऱ्हाड चालवायला नि गुरं चारायला बंदी. आता सरकारच्या मनात बेटाचं उत्तर टोक लाकूडतोडीला मोकळं करायचं होतं. तिथं जपण्यासारखं काही उगवतं का, ते मोजून मास्तरांनी कळवायचं. देवीदास काळ्या मातीतला माणूस, त्याला ती खारी वाळू उकिरड्यासारखी वाटली.

तिसऱ्या दिवशी मास्तरांना ताप भरला. उत्तर टोकाला सुतळीचे चौकोन आखून ठेव, जागा नीट सांभाळ, असं त्यांनी देवीदासाला सांगितलं. त्यानं आखले. पण आत वीतभर उंचीचं तांबूस गवत माजलेलं. आखल्या वाफ्यात तण ठेवायचं, तर माळ्याच्या पोटी जन्म कशाला घ्यायचा? पठ्ठ्यानं दिवसभर खपून सगळं उपटलं आणि बी पुन्हा पडू नये म्हणून समुद्रात फेकलं. जित्याची खोड, दुसरं काय!

तीन दिवसांच्या वाऱ्यानं उपटल्याच्या खुणा बुजून वाळू सपाट झाली. मास्तर काठी टेकत आले, मोकळे चौकोन पाहिले आणि इथं काहीच उगवत नाही, अशी वहीत नोंद केली. तेव्हा देवीदासाला उमगलं, की आपण ज्याला तण समजलो, तेच मोजायला हा माणूस एवढ्या लांब आला होता. सांगायला तोंड उघडलं, पण निंदणाची सारी शेखी आडवी आली. तो सुतळी गुंडाळू लागला.

घरी परतल्यावर त्याची बायको तानुबाई धोतर धुताना करवादली, की काठाला कुसळं भरून आणली, माझी बोटं सोलली. कुसळं तांबूस होती. देवीदासाला स्वतःच्या हातांची लाज वाटली. मळ्यात खुरपं घेऊन बसला तरी ते चालेना. चार दिवस अन्न गोड लागलं नाही. मास्तरांचा अहवाल उद्या टपालात पडणार असं कळलं, तेव्हा कुसळं पळसाच्या पानात बांधून तो त्यांच्या दारी गेला.

"मास्तर, तिथं गवत होतं जी. म्याच निंदलं."

मास्तरांनी भिंगातून कुसळं बराच वेळ पाहिली. असलं गवत आपण कुठंच पाहिलं नाही, म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अहवालाचं पान फाडलं आणि नवं वाचत वाचत लिहिलं: उत्तर टोकाला अनोळखी गवत होतं, ते माझ्या हलगर्जीपणानं गेलं, पावसाळ्यानंतर पुन्हा पाहणी होईतो तोड करू नये.

"माहं नाव लिवा न जी, चूक माही हाय."

"काय मोजाचं ते मी तुले सांगतलंच नव्हतं," मास्तर म्हणाले. देवीदासाची मान आणखी खाली गेली. मग मास्तरांनी विचारलं, "किती ठोंब होते?"

"मुठी भरभरून उपटलं जी. मोजलं नाई."

मास्तरांनी संख्येच्या जागी रेघ ओढली आणि दौतीचं झाकण लावलं.