साहेबांच्या हस्ते

बेकरीत कामाला जाणाऱ्या सुनेचं आणि तिच्या सासूचं कधी फारसं पटलं नाही. पण सासूची चाकांची खुर्ची दारातून चोरीला गेली, तेव्हा सून कामाचा खाडा करून तडक पोलीस ठाण्यात गेली. म्हातारीचे पाय लुळे. खुर्ची होती तोवर ती गल्लीभर फिरायची, चौघींशी बोलायची, दोघींशी भांडायची. खुर्ची गेली आणि ती खाटेला खिळली.

पाचव्या दिवशी हवालदाराचा फोन आला. "ताई, खुर्ची सापडली. भंगारवाल्याकडे होती."

सून अंगावरचं पीठही न झटकता धावली. ठाण्याच्या व्हरांड्यात खुर्ची उभी होती. दांड्याला चिठ्ठी बांधलेली, बसायच्या जागी पताकांचे गठ्ठे. तिने हात घातला तसा हवालदार आडवा आला.

"आत्ता नाही मिळायची. एकोणतीस तारखेला जनता-पोलीस मेळावा आहे. सापडलेलं सगळं मोठ्या साहेबांच्या हस्ते परत द्यायचंय."

"आज सात तारीख! तोवर म्हातारीने काय करायचं?"

"वरून आदेश आहे हो. लोकांचा आमच्यावर विश्वास बसायला हवा ना..."

"आधी माझी सासू बसू दे, मग तुमचा विश्वास बसवा!"

तिने अर्ज दिला, डॉक्टरची चिठ्ठी दिली. दर खेपेला साहेब मीटिंगमध्ये. कामावर जाताना ती सासूला कुशीवर वळवून जाई, दुपारी शेजारीण येऊन दुसऱ्या कुशीवर करी. तरी तिसऱ्या आठवड्यात कंबरेखालची कातडी सोलवटली आणि जखम चिघळली.

"जाऊ दे गं," सासू पुटपुटली. "नको भांडूस."

आयुष्यात कुणाचा एक शब्द ऐकून न घेणारी ही बाई 'जाऊ दे' म्हणते! सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एकोणतीसला ठाण्याच्या आवारात मांडव पडला. 'पोलीस आपल्या दारी' यावर साहेब अर्धा तास बोलले. मग खुर्ची पुढे आणली. तिला फुलं बांधली होती.

"ताई, जरा हसा," फोटोवाला म्हणाला.

सुनेने साहेबांच्या समोरचा माईक ओढला. "माझ्या सासूच्या पाठीला भोक पडलंय. ही खुर्ची चोराकडे पाच दिवस होती, तुमच्याकडे बावीस. यातला मोठा चोर कोण, तेवढं सांगा, मग हसते."

मागून कुणीतरी एकट्याने टाळ्या सुरू केल्या आणि घाबरून थांबवल्या. साहेबांनी घसा खाकरला आणि पुढच्या माणसाला त्याची सायकल दिली.

तिने फुलं ओरबाडून काढली आणि खुर्ची घरी ढकलत नेली. पण डॉक्टरने बजावलं, जखम भरेपर्यंत बसायचं नाही. खुर्ची खाटेशेजारी नुसती उभी राहिली.

चार दिवसांनी हवालदार दारात हजर. हातात छापील कागद.

"अभिप्राय हवाय, ताई. खूप समाधानी, समाधानी की असमाधानी? एक खूण करा, झालं."

"आधी आत या. आईंना वळवायची वेळ झालीय. पाठीखाली हात घाला."

"मी?"

"पोलीस आपल्या दारी ना? घाला हात."

त्याने हात घातला. म्हातारी कण्हली. सुनेने पट्टी सोडली आणि हवालदाराने मान फिरवली.

"बघा," ती म्हणाली. "पट्टी बदलेपर्यंत बघायचं."

त्याने बघितलं. मग खाली बसून स्वतःच 'असमाधानी'वर खूण केली. "कारणाला एकच ओळ आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"मग पाठपोट लिहा. मी सांगते."

"आणि माझंही घ्या," खाटेवरून सासू कडाडली. "पहिल्यापासून सांगते. लिही रे!"

कागद भरला तेव्हा त्याने खिशातला दुसरा काढला. म्हातारीला खुर्चीत बसायला त्यानंतर आणखी पाच आठवडे लागले. ठाण्यातून उत्तर कधीच आलं नाही, आणि सुनेचा रागही काही उतरला नाही.