रविवारची पुडी

दादाला त्या माणसाची किळस यायची. धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणून तोंडदेखलं ‘भाऊजी’ म्हणायचं. पण त्याच्या हातचं पाणीसुद्धा घशाखाली उतरायचं नाही. का उतरावं? आठवडाभर ट्रक घेऊन बाहेर असणारा हा बाबा रविवारी घरी येतो, आणि सोमवारी चिमीच्या दंडावर काळेनिळे डाग! हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

चिमीचं इस्त्रीचं दुकान. रविवारी कपड्यांचा ढीग पडायचा, दिवसभर उभं राहून पायांत गोळे यायचे, बिचारी ओठ चावून रडायची. दादा औषधाच्या दुकानात काउंटरवर. दर रविवारी संध्याकाळी कागदाच्या पुडीत दोन कडू गोळ्या आणायचा आणि समोर उभं राहून गिळायला लावायचा. सख्ख्या बहिणीकडं डॉक्टरची चिठ्ठी कसली मागायची!

या सोमवारी मात्र चिमीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं ते थांबेचना. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला. “रक्त थांबवणाऱ्या पेशी, प्लेटलेट, दीड लाख तरी हव्यात. हिच्या चार हजार आहेत. हिचंच शरीर त्या मारतंय. मेंदूत रक्त उतरलं तर जिवावर बेतेल. कारण सापडलं नाही आणि औषधानं भागलं नाही, तर जिथं त्या मरतात ती पांथरी, म्हणजे प्लीहा, काढावी लागेल.”

“उष्ण खाल्लं असेल,” चिमीची सासू पुटपुटली. दादाला शिसारी आली. काय ही माणसं!

“कारण मी सांगतो!” तो ओरडला. “हे काय, समोर उभंय! मारतो हा तिला!”

भाऊजी चिमीच्या तोंडाखाली भांडं धरून उभा होता. मान वर न करता म्हणाला, “दादा, मला काय बोलायचं ते बाहेर बोला. ती घाबरतेय.”

“थू तुझ्या साळसूदपणावर!”

“माराचे डाग पडतात, पण मारानं पेशी इतक्या कमी होत नाहीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “औषध काही चालू आहे?”

चिमीनं मान हलवली. “काही नाही.”

“आणि दादांची पुडी?” भाऊजीनं विचारलं.

“ते कुठं औषध! ते दादा देतो.”

डॉक्टरीणबाई दादाकडं वळल्या. “काय असतं पुडीत?”

दादा चाचरला. “क्विनाईन... पायांत गोळे येतात, त्यासाठी.”

“चिठ्ठीशिवाय?” त्यांनी पेन खाली ठेवलं. “एखाद्याला ती मानवत नाही. गोळी पोटात गेली की काही तासांत शरीर आपल्याच पेशींवर उठतं. दर वेळी घेतली की पुन्हा तेच. रविवारी गोळी, सोमवारी डाग. बहुतेक हेच कारण. आता ती कायमची बंद. पांथरीचं नंतर पाहू, कदाचित गरजच पडणार नाही.”

“त्याला बोलू नका हं,” रक्ताळल्या तोंडानं चिमी म्हणाली. “मायेनंच द्यायचा तो.”

त्यापेक्षा तिनं तोंडावर थुंकलं असतं तर बरं झालं असतं. शर्टाच्या खिशात पुढच्या रविवारची पुडी होती. ती छातीला टोचायला लागली.

भाऊजीनं भांडं सासूच्या हातात दिलं, हात धुतले, पाण्याचा पेला भरून आणला. “घ्या दादा. चेहरा उतरलाय तुमचा.”

दादानं पेला घेतला आणि घटाघटा प्यायला. किळस करायला आता दुसरं कुणी उरलंच नव्हतं.