पाणपोईखालचे अंजीर

मित्रांनो, एप्रिलच्या त्या सकाळी नियाझी उस्ताने मला बागेच्या कोठीतून बाहेर काढले, तेव्हा मला सगळे आधीच ठाऊक होते. त्याला काहीच ठाऊक नव्हते.

मला खांद्यावर टाकून तो आपल्या बायकोने, नेबाहतने, लावलेल्या अंजिराच्या जागेकडे निघाला. तिथे निळी ताडपत्री पसरलेली होती आणि कडेने वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. ते पाहून त्याचे डोळे भरून आले.

"देव त्याचं भलं करो," तो स्वतःशीच म्हणाला. "नेबाहत गेली, मी घरात बसून राहिलो, आणि कोणीतरी तिच्या झाडावर पांघरूण घातलं."

मग त्याने ताडपत्री ओढली. खाली सिमेंटची फरशी होती. करडी, गुळगुळीत, मधून दोन सळया वर आलेल्या. आपली जागा चुकली असे त्याला वाटले. तो भिंतीपर्यंत गेला, तिथून पावले टाकत परत आला, ट्यूलिपच्या वाफ्याकडून एकदा पाहिले. जागा तीच होती. मग त्याने मला दोन्ही हातांनी उचलले आणि सगळ्या ताकदीने फरशीवर घातले. ठिणगी उडाली. माझ्या धारेचा टवका उडाला. फरशीवर एक पांढरा ओरखडा उठला, बस्स.

तर मी एक जुने फावडे आहे. तुमच्याकडे असते तसे वाकड्या मानेचे नव्हे. माझा दांडा सरळ आणि लांब आहे, आणि पाय देऊन मला मातीत रोवतात. माझ्या धारेला जी खाच आहे ती त्या सकाळची. ती कोणी घासून काढू नये, असे मला वाटते. हिशेब मिटेपर्यंत खूण राहिलेली बरी.

माझे पाते नाझिल्लीच्या एका लोहाराने घडवले. नाझिल्ली हा तुर्कस्तानातला अंजिरांचा मुलूख. नेबाहतच्या वडिलांची तिथे अंजिराची बाग होती. नियाझी शिंपी, म्हणून सगळे त्याला उस्ता, म्हणजे उस्ताद, म्हणायचे. अमेरिकेतल्या एका सूटच्या कारखान्याला कारागीर हवे होते म्हणून तो इकडे आला. पुढच्या वर्षी नेबाहत निघाली, तेव्हा वडिलांनी तिच्या सामानात मला घातले आणि एका लोकरी मोज्यात अंजिराची ओली काडी खुपसली. विमानतळावरच्या शिपायाने पेटी उघडली. बाईच्या कपड्यांत फावड्याचे पाते पाहून तो इतका चक्रावला की मोज्याकडे त्याचे लक्षच गेले नाही. ही गोष्ट नेबाहत दरवर्षी सांगायची आणि दरवर्षी शिपायाच्या मिशा थोड्या वाढायच्या.

इथे, ईरी सरोवराच्या काठच्या या शहरात, ओढ्याकडेने एक लांब रस्ता जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना देशोदेशींच्या लोकांच्या बागा आहेत. आमच्या लोकांना जागा मिळाली तेव्हा पहिला खड्डा मी खणला आणि नेबाहतने कुंडीत वाढवलेले अंजीर त्यात लावले. बाकी सगळे, म्हणजे ट्यूलिप, निळ्या फरश्यांची भिंत, बाके, नंतर आले.

पण अंजीर हे उन्हाचे झाड. इथल्या हिवाळ्यात उभे राहिले तर मरते. म्हणून नोव्हेंबरात पाने गळली की त्याला निजवावे लागते. एका बाजूची मुळे मी कापायचे. मग माणसे दोर बांधून झाडाला हळूहळू वाकवायची, चरात आडवे करायची, वर फळ्या, जुने गालिचे, पाचोळा आणि शेवटी माती. एप्रिलमध्ये सगळे काढून झाड पुन्हा उभे करायचे. त्या दोन दिवशी सगळे तुर्की लोक बागेत जमायचे. सामोवारमध्ये चहा उकळायचा, सिमित, म्हणजे तिळाचे गोल कडीसारखे पाव, वाटले जायचे. नियाझी दोर धरायचा आणि नेबाहत हुकूम सोडायची.

"अहो शिंपीबुवा, हळू! झाड आहे ते, पॅन्टची शिलाई नाही उसवायची."

"तू मोजमाप दिलंस तर बरं होईल. किती वाकवू?"

"मी सांगेपर्यंत. लग्नात हेच ठरलं होतं."

लोक हसायचे. काम झाले की नेबाहत मला ओल्या फडक्याने पुसायची, पात्याला तेल लावायची आणि म्हणायची, "माझ्या घरात एवढं एकच निमूटपणे काम करतं." मित्रांनो, असे कौतुक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

फेरिदून बे, म्हणजे फेरिदूनसाहेब, या दोन्ही दिवशी हजर असायचे. ते दातांचे डॉक्टर आणि आमच्या मंडळाचे अध्यक्ष. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केले की त्यांच्या आईच्या नावाने बागेत संगमरवरी पाणपोई बांधायची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, नेबाहतनेही. मग त्यांनी जागा दाखवली. ती अंजिराची जागा होती.

"थोडी बाजूला सरकव ना तुझी पाणपोई," नेबाहत म्हणाली.

"अब्ला," फेरिदून बे म्हणाले, म्हणजे ताई, "दारातून शिरताच समोर दिसायला हवी. आणि तुम्हीच सांगा, आपल्याकडे कोणाचं वाटोळं व्हावं म्हणून काय म्हणतात? त्याच्या चुलीत अंजीर उगवो! तुम्ही तर ते बागेच्या ऐन मधोमध लावलंत."

"तुझी चूल मोकळी असती तर तिथेच लावलं असतं."

सगळे खो खो हसले. फेरिदून बेही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. पाणपोईचा विषय तेवढ्यावर थांबला. नोव्हेंबरात झाड निजवले तेव्हा त्यांनी स्वतः दोराचे एक टोक धरले. हे लक्षात ठेवा.

फेब्रुवारीत नेबाहत गेली. सकाळी चहा गाळताना हृदय थांबले. नियाझी मला कबरस्तानात घेऊन गेला, कारण तिच्यावरची माती तिच्याच फावड्याने पडावी असे त्याला वाटले. आधी होजाने, म्हणजे आमच्या मौलवीने, लोकांना विचारले, "या बाईकडे तुमचा काही हक्क राहिला असेल, तर तो तुम्ही हलाल केलात का?" म्हणजे राहिलेले देणेघेणे, दुखलेखुपले सारे सोडून दिले का. सगळे म्हणाले, "हलाल केला." फेरिदून बेंचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग माती लोटायची वेळ आली. आमच्यात कबरीवर फावडे एकाने दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. जमिनीवर ठेवायचे आणि दुसऱ्याने उचलायचे. हातात दिले तर मरणही हातोहात पुढे जाते म्हणतात. नियाझीला त्या दिवशी कसलीच शुद्ध नव्हती. त्याने मला तसेच फेरिदून बेंपुढे धरले. ते चटकन मागे सरले.

"खाली ठेवा उस्ता, हातात देऊ नका."

नियाझीने मला खाली ठेवले. त्यांनी उचलले, तीनदा माती टाकली, हात झटकले.

त्यानंतर मी बागेच्या कोठीत होते. तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेपर्यंत नियाझी घराबाहेर पडला नाही. अशातच एके दिवशी कोठीबाहेर गाडी थांबली. बांधकामवाल्याचा आवाज मी ओळखत नव्हते.

"डॉक्टर, इथं मातीचा उंचवटा आहे. खाली काही आहे का?"

दुसरा आवाज मी ओळखला.

"काही नाही. पाचोळा आहे. दाबून सपाट करा आणि ओता."

मला हात असते तर. मला निदान जीभ असती तर. मी लोखंडाचे पाते आणि लाकडाचा दांडा, भिंतीला टेकून उभे होते आणि नेबाहतच्या झाडावर सिमेंट पडताना ऐकत होते. ओले सिमेंट पडताना फार आवाज होत नाही.

लोकांना ते दिसले नसेल का? दिसले. पण पाणपोई सुंदर होणार होती, नियाझी दुःखात होता, आणि कोणी सांगायचे हे ठरत नव्हते. म्हणून कोणीच सांगितले नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणपोईचे उद्घाटन झाले. सामोवार आला, मुलींनी नाच केला, पांढऱ्या संगमरवरातून पाणी वाहू लागले. नियाझी मला घेऊन आला. नेबाहतची आठवण म्हणून आणले असेल, असे लोकांना वाटले. फेरिदून बे त्याच आठवड्यात हजला निघणार होते. हजला जाणारा माणूस निघण्याआधी घरोघरी जाऊन सगळ्यांकडून हक्क हलाल करून घेतो, कारण माणसाचा माणसावर राहिलेला हक्क देवही माफ करत नाही. सगळे आयतेच जमले होते, म्हणून ते एकेकाचा हात हातात घेत फिरत होते. नियाझीपुढे आले.

"उस्ता, कळत नकळत काही चुकलं असेल. तुमचा हक्क हलाल करा."

नियाझीने हात पुढे केला नाही. "झाड खाली आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"उस्ता, आजच्या दिवशी कशाला हे..."

"माहीत होतं का, एवढंच विचारतोय."

"वल्ला, नव्हतं. वर नुसता पाचोळा दिसत होता. मला वाटलं, अब्ला गेल्यावर तुम्हीच झाड घरी नेलं असेल."

देवाची शपथ, तीही हजच्या उंबरठ्यावर. 

"नोव्हेंबरात दोराचं दुसरं टोक कोणाच्या हातात होतं?" नियाझी म्हणाला. "आणि गोठलेल्या जमिनीतून मोठं झाड मी एकट्याने उपटून नेलं? या वयात? शिंप्याच्या सुईने?"

चहाच्या पेल्यांतले चमचे थांबले. एक म्हातारी पुढे झाली. "जाऊ दे रे नियाझी. गेलेल्या बाईसाठी कशाला भांडतोस? तिने हसून सोडून दिलं असतं."

"तिने सोडलं असतं, हमशीरा. ती माझ्याहून चांगली होती."

मग त्याने मला उचलले आणि माझा दांडा सरळ फेरिदून बेंच्या हातापाशी नेला.

"घे."

"खाली ठेवा उस्ता. हातात देऊ नका."

"तेव्हा तुझं ऐकून खाली ठेवलं. आज नाही ठेवणार. घे हातात. ही फरशी फोड, झाड वर काढ. जिवंत असो नाहीतर मेलेलं. मग लगेच हलाल."

"माझ्या आईच्या नावाची आहे हो ती. तिच्यावर कसा घाव घालू?"

"माझ्या बायकोच्या हातचं होतं ते. त्याच्यावर कसा घातलास?"

फेरिदून बेंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. सगळ्यांनी पाहिले. नियाझी बराच वेळ मला तसेच धरून उभा होता. त्याने मला खाली टेकवले नाही.

"मग ऐका सगळे," तो म्हणाला. "माझा हक्क मी हलाल करत नाही. या जगात नाही आणि त्या जगातही नाही."

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मला फार बरे वाटले. मोठी माणसे तुम्हाला सांगतील की क्षमा करावी. सांगू देत. मी तिच्या हातचे तेल खाल्ले आहे.

फेरिदून बे हजला गेले आणि परत आले. आता लोक त्यांना हाजी म्हणतात. त्यांनी घरोघरी खजूर आणि मक्केच्या झमझम विहिरीचे पाणी वाटले. नियाझीच्या दारातही एक बाटली ठेवून गेले. ती तिथेच उन्हात पडून आहे. ओलांडून जाताना तो तिच्याकडे पाहतो, उचलत नाही. हाजी रस्त्यात दिसले की आधी तेच मान खाली घालतात. पूर्वी ते कोणापुढे मान घालत नसत. तेवढे माझ्या पदरात पडले आहे. ते पुरेसे नाही.

मी आता नियाझीच्या स्वयंपाकघरात दारामागे असते. मला तेल लावायचे तो विसरतो, आणि माझ्यावर तांबूस गंज चढू लागला आहे. मित्रांनो, अवजार वापरून झाले की पुसा आणि तेल लावा, एवढे तुम्हाला सांगायचे आहे. आणि जमीन वरून सपाट दिसली म्हणून खाली काही नाही असे समजू नका. कोणीतरी तिथे काहीतरी हिवाळ्यापुरते निजवलेले असू शकते. ओतण्याआधी विचारा. आणि ठाऊक असेल तर गप्प बसू नका. गप्प बसणाऱ्यांचाही हिशेब मी ठेवला आहे.

पाणपोई वाहते आहे. हलाल, हा एक शब्द नियाझीने अजून दिलेला नाही. फरशी अजून फुटलेली नाही, आणि नेबाहतचे झाड अजून उभे करायचे राहिले आहे.