वाफशातली ओढ

नांगराच्या कारखान्यात त्याला सगळे न्यूटन म्हणत. बलाचं एकक न्यूटन, आणि हा दिवसभर नांगराला लागणारी ओढ मोजायचा. कारखान्यातल्या विनोदाची धाव तिथवरच. बायको म्हणे, "घरात कुणाची ओढ नाही, म्हणून बाहेर मोजत बसतात."

चाचणीच्या शेडमध्ये मातीने भरलेला लांबलचक हौद होता. त्यावरून रुळांवर गाडा धावे, गाड्याला नांगर. माती चाळलेली, खडा नाही, मूळ नाही, आणि रोज झारीने पाणी घालून नेमकी वाफशावर आणलेली: मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोट लावलं तर फुटावा. तिचे लाड जावयासारखे चालत.

नव्या नांगराचा फाळ जरा जास्तच उभा होता, कारण उभा फाळ प्रदर्शनात रुबाबदार दिसतो. हौदात ओढ बेताची आली. न्यूटनने साहेबांना सांगून पाहिलं की जमीन वाळली, फाळ खोल गेला, वर वेग वाढला, तर हीच ओढ वाढून कुठल्या कुठे जाईल. साहेब म्हणाले, गिऱ्हाइकाने वाफशात नांगरावं, उन्हात जा असं आपण सांगतो का? न्यूटन गप्प बसला. गप्प बसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

पहिल्या नांगरांतला एक त्याच्या मेव्हण्यानेच घेतला. मेव्हणा ट्रॅक्टरने लोकांची रानं नांगरून द्यायचा, आणि लोकांच्या रानातला वाफसा काही त्याच्यासाठी खोळंबून राहत नसे. फाळाचा बोल्ट सारखा तुटू लागला, तसा त्याने फोन केला.

"तो तुटायलाच बसवलाय," न्यूटन म्हणाला. "ओढ फार झाली की तो तुटतो, म्हणून तू वाचतोस."

"भाऊजी, बहीण दिलीय तुम्हाला. निदान एक धड बोल्ट तरी द्या."

तक्रारी सगळीकडूनच येत होत्या. साहेबांनी कडक पोलादाचे बोल्ट करून घेतले. हौदात एकही तुटला नाही. तुटायला तिथे होतं काय? बायकोने हट्टच धरला की पहिला बोल्ट माझ्या भावाला. न्यूटनने तो जेवणाच्या डब्यातून घरी आणला. मेव्हणा न्यायला आला, तेव्हा जे सांगायचं होतं त्यातलं एवढंच त्याच्या तोंडून निघालं: "वाफशात चालव."

"मग तुमच्या हौदातच चालवतो," मेव्हणा हसून म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात, भाजल्या विटेसारख्या कडक रानात, फाळ एका जागी रुतला. बोल्ट तुटला नाही. ट्रॅक्टरची मागची चाकं ओढत राहिली, नांगर हलेना. पुढची चाकं उचलली गेली आणि ट्रॅक्टर मागे उलटला. मेव्हणा खाली होता.

न्यूटन बायकोला घेऊन पोहोचला, तोवर त्याला बाहेर काढून चादरीखाली ठेवलं होतं. साहेबही आले. हळहळले. मग नांगरापाशी वाकले आणि बोल्ट मात्र शाबूत आहे, असं त्यांच्या तोंडून निसटलं.

बायकोने ते ऐकलं.

"तो तुटायला हवा होता?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी त्याला म्हटलं होतं, वाफशात..."

"मला नाही म्हणालात. मी मागत होते तेव्हा."

न्यूटनने खाली बसून एक ढेकूळ उचललं आणि सवयीने मुठीत दाबलं. ते फुटलं नाही. त्याने आणखी जोर लावला. हाताला रक्त आलं, तरी तो दाबत राहिला.