दुसरा रकाना

"पहिला रकाना चुकला तर चालेल, दुसरा रोज विचारूनच भरा. तिथे हो आलं, तर व्यायाम बंद आणि तडक हॉस्पिटल," फिजिओथेरपीच्या बाई पुन्हा पुन्हा बजावत होत्या. नेमकं तेव्हाच तिच्या कडेवरचं आठ महिन्यांचं बाळ त्यांच्या टेबलावरचं पेन ओढत होतं. "हो हो," म्हणत तिनं कागद पिशवीत कोंबला.

कागद ताईचा. ताई तिची थोरली बहीण. आई गेल्यावर हिला लहानाचं मोठं केलं तेही तिनंच. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून पडदे शिवता शिवता ताईची कंबर धरली, कळ डाव्या पायात उतरली. ऑपरेशनचं नाव काढलं की ताई विषय बदलायची. "बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही," बाईंनी धीर दिला होता. व्यायाम, चालणं आणि हा कागद. पहिल्या रकान्यात दुखणं दहापैकी किती. दुसऱ्यात, बसायची जागा बधिर वाटते का, लघवी अडते का.

आता हे थोरल्या बहिणीला रोज कसं विचारायचं? एकदा विचारलं, तर ताई फिस्सकन हसली. "अगं बये, तुझे लंगोट बदलले मी, आणि तू माझी चौकशी करतेस होय?"

ही ओशाळली. त्या दुपारी बाळ झोपल्यावर तिनं दुसऱ्या रकान्यात महिनाअखेरपर्यंत एकदमच 'नाही' लिहून टाकलं.

पहिला रकाना मात्र ती डोळ्यांत तेल घालून भरायची. ताई पालथी पडून कोपरांवर छाती उचलायची, शेजारी बाळही मान वर काढायचं. "बघ, माझ्याआधी हाच बरा होणार!" आठ. सहा. पाच. तीन.

एकोणीस तारखेला सकाळी ताई म्हणाली, "आज काहीच नाही गं. कंबर नाही, पाय नाही. खाली खुर्ची आहे की नाही, तेही कळत नाही. कापसावर बसल्यासारखं वाटतंय."

हिनं टाळी वाजवली. शून्य लिहून त्याभोवती लाल गोल काढला.

दुपारी ताई तिसऱ्यांदा बाथरूममधून तशीच परत आली. "नळ सोडून बसले तरी होत नाही बाई," ती म्हणाली, आणि हिच्या हातातली बाळाची वाटी खाली पडली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी कागद हातात घेतला. वाचता वाचता थांबले. "इथे तीस तारखेपर्यंत 'नाही' लिहिलंय. आज एकोणीस आहे."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त ताईला विचारलं, "बधिरपणा कधीपासून?"

"चार दिवस झाले असतील. मला वाटलं, गुण येतोय." मग हिच्याकडे बघत, "तिला काही बोलू नका हो. अंगावरचं पोर आहे, कुठं कुठं बघेल?"

जे टाळायचं होतं तेच ऑपरेशन त्याच संध्याकाळी झालं. पण नसा दबून गेलेले ते चार दिवस परत आले नाहीत. ताई चालते, डावं पाऊल फटकन जमिनीवर पडतं. लघवीसाठी अजून नळी लागते. आणि दुपारी घर शांत झालं की हिला ते पाऊल ऐकू येतं, फट, फट, दारापर्यंत येऊन थांबतं. ही दचकून बघते, तर ताई समोर मशीनवर बसलेली असते, दोन्ही पाय स्थिर.

व्यायामाला ही नावं ठेवत नाही. त्यानं बरे झालेले हिनं पाहिलेत. फक्त भेटेल त्याला एकच विनवते, आणि तुम्हालाही. तुमच्या घरात कोणी कंबर धरून बसलं असेल आणि एवढ्यात त्याची कुरकुर अचानक थांबली असेल, तर हे वाचणं राहू द्या. उठा, त्याच्या खोलीत जा आणि लाज सोडून दुसऱ्या रकान्यातलं विचारा. हसण्यावारी नेलं, तर पुन्हा विचारा.